'थांबा' म्हणणारा माणूस

अभ्यासिकेच्या फळ्यावर मुलांनी रंगीत खडूने अग्निबाण काढला होता. खाली मोठ्या अक्षरात लिहिले होते, "११ जून, सायंकाळी ५.३० वाजता. सर्वांनी वेळेवर यावे." आम्ही कचेरी सुटल्यावर धावतपळत पाच वाजता पोहोचलो, तर पंचवीस-तीस मुले सतरंजीवर मांडी घालून बसलेली. उड्डाण पुढे ढकलल्याची बातमी त्या दिवशी सकाळीच आली होती. वस्तीत मात्र ती कुणाला ठाऊक नव्हती.

आम्ही सांगितले, "बाळांनो, आज रॉकेट उडणार नाही. त्याला गळती लागली आहे."

एक चिमुरडी म्हणाली, "काका, आमच्या नळासारखी?"

सगळे हसले. दाराशी वस्तीतलेच एक गृहस्थ उभे होते. ते एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतात. उजव्या हाताची दोन बोटे त्यांनी त्याच प्रेसवर गमावली. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मोठ्या लोकांचं बरं असतं. गळतंय म्हटल्यावर लगेच थांबवलं. आम्ही पण सांगितलं होतं, मशीनचा गार्ड ढिला झालाय. तर म्हणाले, आजचा माल काढून घे, उद्या बघू."

त्या दिवशी आम्हाला त्यांना उत्तर देता आले नाही. २०२५ च्या जून महिन्यातील ते उड्डाण आम्ही मुलांबरोबर अखेरपर्यंत पाहिले. पण आमच्या डोक्यात घोळत राहिले ते त्यांचेच बोलणे.

कोण निघाले होते?

मोहिमेचे नाव ॲक्सियम-४. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील केनेडी अवकाश केंद्रातून चार माणसे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे जाणार होती. तळ होता ३९-ए. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारी माणसे १६ जुलै १९६९ रोजी याच तळावरून निघाली होती.

चौघांत आपले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला होते. लखनौचा मुलगा, हवाई दलात चाचणी वैमानिक, भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चार जणांपैकी एक. यापूर्वी राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी रशियन यानातून सॅल्यूत-७ या स्थानकावर गेले होते. त्यानंतर ४१ वर्षे भारताचा एकही नागरिक भारताच्या वतीने अंतराळात गेला नव्हता. पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू यांच्या देशांचेही तसेच. त्यांचीही पाळी चार दशकांहून अधिक काळाने आली होती.

या तिघांच्या प्रमुख होत्या पेगी व्हिटसन. आमच्या भगिनींनी या बाईंची माहिती आवर्जून घ्यावी. आयोवा राज्यातील शेतकरी घरातील ही मुलगी. अंतराळवीर होण्यासाठी त्या जवळपास दहा वर्षे अर्ज करीत राहिल्या आणि नकार पचवीत राहिल्या. १९९६ मध्ये निवड झाली. २००७ मध्ये त्या अवकाश स्थानकाच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. ॲक्सियम-४ धरून त्यांचे अंतराळातील दिवस ६९५ भरतात. इतके दिवस दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन माणसाने वर काढलेले नाहीत.

गळती कोठे होती?

हे उड्डाण आधी २९ मे रोजी ठरले होते. ते ८ जूनवर गेले, मग १० जूनवर. १० तारखेला हवामान आडवे आले. ११ तारीख ठरली आणि गळती निघाली.

फाल्कन-९ हा अग्निबाण ७० मीटर उंच, म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीएवढा. त्याच्या पहिल्या टप्प्याला नऊ इंजिने असतात. जळते ते शुद्ध केलेले रॉकेल. वर हवा नसल्याने जाळायला लागणारा ऑक्सिजनही बरोबर न्यावा लागतो. तो द्रवरूपात ठेवण्यासाठी शून्याखाली १८३ अंशांपेक्षाही थंड करावा लागतो. एका टाकीत रॉकेल, दुसऱ्या टाकीत हा द्रव ऑक्सिजन आणि शिखरावर चार जिवंत माणसे, असा हा मामला आहे.

उड्डाणापूर्वी अग्निबाण तळाला जखडून इंजिने काही सेकंद पेटवून पाहतात. ही चाचणी ८ जूनला झाली. नंतरच्या तपासणीत द्रव ऑक्सिजन झिरपताना दिसला. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण तो जिथे साचेल तिथे एरवी धुमसणारी वस्तूही भडकून पेटते. म्हणून ही गळती आमच्या नळासारखी नव्हती.

आपल्या इस्रोचा चमू त्या वेळी तिथे हजर होता. इस्रोने ११ जूनला जाहीर केले, की तज्ज्ञांशी झालेल्या चर्चेनंतर आधी गळती दुरुस्त करायची, मग पुन्हा चाचण्या घ्यायच्या आणि त्यानंतरच उड्डाणाला मान्यता द्यायची, असे ठरले आहे. ऑक्सिजनच्या नळीला तडा गेलेला सापडला आणि पूर्ण दुरुस्तीचा आग्रह आपल्या लोकांनी सोडला नाही, असे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

ही गळती मिटते तोच दुसरी आली. अवकाश स्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन भागात बरेच दिवस हवा झिरपत होती. तिथे दुरुस्ती झाल्यावर हवेच्या दाबाचे आकडे बदललेले दिसले. ही सुधारणा आहे की नवी भानगड, हे कळेपर्यंत पाहुणे पाठवू नयेत, असे ठरले. १९ जून गेली, २२ जून गेली. चौघेही अंतराळवीर २५ मेपासून विलगीकरणात, घरच्यांपासून दूर, रोज तयार होऊन बसलेले.

आमच्या वस्तीतली मुले कंटाळली. फळ्यावरची तारीख इतक्यांदा पुसली, की तेवढा भाग पांढराफटक पडला. एका मुलाने विचारले, "यांना नीट जमत नाही का?" त्या मुलाला आम्ही जी गोष्ट सांगितली, ती येथे देत आहोत.

ज्यांचे ऐकले नाही

२८ जानेवारी १९८६. तीच फ्लोरिडाची भूमी. चॅलेंजर यानात सात माणसे होती. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही एक शाळेतली बाईही होती. तिच्यामुळे अमेरिकेतील हजारो शाळकरी मुले टीव्हीसमोर बसली होती. उड्डाण आधीच अनेकदा पुढे गेले होते. आता पुरे झाले, असे वरच्यांना वाटू लागले होते.

यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे मोठे अग्निबाण होते. ते तुकडे जोडून बनवलेले. प्रत्येक जोडात रबरी रिंगा बसवलेल्या. आपल्या प्रेशर कुकरच्या झाकणाला असते तशीच, पण प्रचंड मोठी रिंग समजा. कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते, हे आमच्या माताभगिनींना सांगायला नको.

त्या रात्री फ्लोरिडात हाडे गोठवणारी थंडी पडली. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनीयरांनी आदल्या रात्रीच फोनवरील बैठकीत बजावले, की १२ अंशांखाली या रिंगांची खात्री नाही, उडवू नका. रॉजर बोइस्जोली हे त्यांतले एक. तिकडून नापसंती आली, तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत बोलणी केली. एका अधिकाऱ्याला सांगण्यात आले, की इंजिनीयरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने टोपी बदलली आणि कंपनीचा सल्लाही बदलला. कंपनीचे त्या तळावरील प्रतिनिधी ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी मात्र मंजुरीच्या कागदावर सही करण्यास नकार दिला. सही दुसऱ्याने केली.

सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान दोन अंशांच्या आसपास होते. ७३ व्या सेकंदाला यान फुटले. सातही जण गेले.

पुढे चौकशी आयोग बसला. त्यातील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सर्वांसमोर त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत तो लवकर पूर्ववत होत नाही, हे दाखवून दिले. जे समजायला एक पेला बर्फाचे पाणी पुरले असते, त्यासाठी सात जीव जावे लागले.

आम्ही कारकून माणसे, म्हणून आणखी एक बाब आमच्या मनात ठसली आहे. बोइस्जोली यांनी हा धोका ३१ जुलै १९८५ रोजीच, म्हणजे सहा महिने अगोदर, वरिष्ठांना लेखी कळवला होता. त्यांचे ऐकले गेले नाही, पण कागद राहिला. आयोगापुढे तो कागद आला, तेव्हा 'आम्हाला माहीतच नव्हते' असे म्हणायला जागा उरली नाही.

कर्नालच्या कल्पना चावला यांची आठवण आपल्या सर्वांना आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले, तेव्हा फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रे मिळवा, अशी मागणी काही इंजिनीयरांनी केली होती. ती पुढे गेली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान आकाशातच विखुरले आणि सात जण गेले. सतरा वर्षांत तोच धडा दुसऱ्यांदा शिकावा लागला.

टळले ते दिसत नाही

याउलट घडलेले उदाहरणही ताजे आहे. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जून २०२४ रोजी स्टारलायनर या नव्या यानातून सुमारे आठ दिवसांसाठी वर गेले. यानात हेलियमची गळती निघाली आणि काही छोटी इंजिने दगा देऊ लागली. नासाने ऑगस्टमध्ये निर्णय घेतला, की या यानातून माणसे परत आणायची नाहीत. यान रिकामेच उतरवले आणि ते सुखरूप उतरले! दोघांना मात्र २८६ दिवस वर काढावे लागले. मार्च २०२५ मध्ये ते दुसऱ्या यानातून परतले.

तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, पाहा, यान तर नीट उतरले, उगाच घाबरले. 'थांबा' म्हणणाऱ्याचे दुःख इथेच आहे. त्याचे ऐकले नाही आणि अपघात झाला, तर तो खरा ठरतो. पण ऐकले आणि काहीच झाले नाही, तर तो भित्रा ठरतो. काय टळले याचा पुरावा कधीच मिळत नाही. जी बोटे तुटली नाहीत, ती कोणी मोजत नाही.

२५ जून, दुपारी १२ वाजून १ मिनिट

शेवटी २५ जूनचा बुधवार उजाडला. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मोबाईल टीव्हीला जोडला. दुपारच्या शाळेची मुले गणवेश घालून, दप्तरे पाठीला लावूनच आली, कारण शाळा साडेबाराची. तिकडे फ्लोरिडात मध्यरात्र उलटून अडीच वाजले होते.

एकाने विचारले, "काका, बरोबर एक मिनिटच का? दहा मिनिटं उशीर चालत नाही?" चालत नाही. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने फिरते. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. खाली पृथ्वीही फिरत असते. स्थानकाचा मार्ग तळाच्या बरोबर वर येतो, तो क्षण साधावा लागतो. हुकला तर निदान एक दिवस थांबावे लागते.

आम्ही मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. इंधन भरायला सुरुवात होण्यापूर्वीच यानाची सुटकेची यंत्रणा सज्ज केलेली असते. खाली काही बिघडले, तर यान आपली इंजिने पेटवून अग्निबाणापासून दूर पळते. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी रशियाचे अलेक्सेई ओव्हचिनिन आणि अमेरिकेचे निक हेग स्थानकाकडे निघाले असता दोनच मिनिटांत अग्निबाण मोडला. त्यांच्या सोयूझ यानाची अशीच यंत्रणा चालली आणि दोघे जिवंत उतरले. पाच महिन्यांनी तेच दोघे पुन्हा निघाले आणि स्थानकावर पोहोचले. कारण अपघात होऊ शकतो, हे कुणीतरी आधीच मान्य केले होते.

क्षणगणना संपली. रात्रीच्या काळोखात नारिंगी उजेड पसरला आणि अग्निबाण उचलला गेला. अभ्यासिकेत एवढा गलका झाला, की शेजारच्या बाया पदर खोचून बाहेर आल्या. अडीच-तीन मिनिटांत पहिला टप्पा सुटला आणि काही मिनिटांत पुन्हा जमिनीवर येऊन उभा राहिला. नऊ-दहा मिनिटांत यान कक्षेत पोहोचले. आतला 'जॉय' नावाचा कापडी हंस तरंगू लागला, तशी मुलेही हात पसरून तरंगू लागली. बारा पंचवीसला सगळी शाळेकडे धावली.

दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांची जयंती होती. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडता मांडताच आम्ही यान स्थानकाला जोडले जाताना पाहिले. वेळ ४ वाजून १ मिनिट. दोन्ही वेगाने धावत होती, पण एकमेकांजवळ येताना मुंगीच्या पावलांनी. समांतर रुळांवरून सारख्याच वेगाने धावणाऱ्या दोन लोकल शेजारून पाहिल्या, तर जागच्या जागी उभ्या भासतात, तसे ते होते. यान जोडले गेले, तरी दार लगेच उघडले नाही. तासाहून अधिक वेळ तपासणी चालली. कशाची? जोडातून हवा गळत नाही ना याची. मुले एका सुरात म्हणाली, "गळती!"

शुक्ला यांना तिथे अंतराळात गेलेला ६३४ वा माणूस म्हणून बिल्ला लावण्यात आला. त्यांनी बरोबर गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. मेथी आणि मुगाला मोड कसे येतात, याचा प्रयोगही वर झाला. आमच्या घरातल्या डब्यातलेच हे दाणे आहेत, याचे मुलांना मोठे अप्रूप वाटले. १५ जुलैला चौघे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सुखरूप उतरले.

त्याचा फोटो कुठे आहे?

जयंतीच्या कार्यक्रमाला प्रेसवर काम करणारे ते गृहस्थ आले होते. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी विचारले, "भाऊ, टीव्हीवर चौघांचे फोटो दाखवले. पण ज्याला पहिल्यांदा गळती दिसली, त्याचा फोटो का नाही दाखवला?"

प्रश्न रास्त आहे. रात्रपाळीत विजेरी घेऊन नळ्या तपासणारा, आकडा चुकतोय असे म्हणणारा, सगळ्या जगाची घाई असताना मान हलवून 'नाही' म्हणणारा माणूस कुणाला दिसत नाही. आपल्याकडे २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला गगनयानाच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने सर्व थांबवले. दोष शोधला, दुरुस्त केला आणि सकाळी दहा वाजता उड्डाण यशस्वी झाले. गगनयानातून माणूस जाणार, असे प्रथम जाहीर झाले ते २०२२ सालापर्यंतचे. ती तारीख मागे पडली. पुढेही एखादी तारीख हुकली, तर आमची मुले आता नाके मुरडणार नाहीत, एवढी आम्हाला खात्री आहे.

पण त्या गृहस्थांना एवढे उत्तर पुरणार नाही. अंतराळात जाणाऱ्याच्या जिवासाठी महिनाभर अग्निबाण थांबतो. मग जेवण कमावण्यासाठी यंत्रात हात घालणाऱ्याच्या बोटांसाठी प्रेस अर्धा तास का थांबू नये? यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले होते. गार्ड मागणे ही मेहेरबानी मागणे नव्हे.

म्हणून वाचकहो, आमचे सांगणे साधे आहे. यंत्र बिघडलेले दिसले, तर एकट्याने कुजबुजू नका. चौघांनी मिळून सांगा. सांगाल ते लेखी द्या, वर तारीख टाका, प्रत ठेवा आणि पोच घ्या. लिहिता येत नसेल, तर रविवारी सकाळी अभ्यासिकेत या. आम्ही लिहून देऊ. बोइस्जोली यांच्या कागदाने सात जीव वाचले नाहीत. पण त्या कागदामुळे दोष कुणाचा, हे लपवता आले नाही.

फळ्यावरचा अग्निबाण मुलांनी अजून पुसलेला नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न ऐकून एका मुलीने त्याच्या पायथ्याशी हातात विजेरी धरलेला एक माणूस काढला आहे. ते गृहस्थ परवा तो बराच वेळ पाहत उभे होते. जाताना म्हणाले, "भाऊ, रविवारी येतो. अर्ज लिहायचाय. आम्ही पाच जण आहोत."